उरलेली शिक्षा

१

ऐकताना ‘हं’ म्हणायची हिमानीला खोडच होती. कुणी दोन वाक्यं बोललं, की तिसऱ्याच्या आधी तिचा हुंकार तयार. लहानपणी नागपुरात बाबा जेवणं झाल्यावर गोष्ट सांगायचे आणि त्यांची अट एकच असायची, हुंकार थांबला की गोष्ट थांबली. झोपेनं डोळे मिटले तरी गोष्ट सुटू नये म्हणून ही आपली पांघरुणातून ‘हं… हं…’ करत राहायची. ती सवय अंगात मुरली ती मुरलीच. पुढे पुण्यात जर्मन शिकताना तिच्या बाई म्हणायच्या, "हिमानी वर्गात नसली की मला भिंतीला शिकवल्यासारखं वाटतं."

तिचा नवरा शंतनू यावरून तिला छळायची एकही संधी सोडत नसे. "यार, ही जीपीएसलासुद्धा हं म्हणते. ‘टर्न लेफ्ट’, हं. ‘इन हाफ अ माइल’, हं. एक दिवस ती जीपीएसवाली बाई आपल्याकडे चहाला येऊन बसणार आहे, बघ."

आणि ती खरंच म्हणायची. तेव्हा सगळेच त्यावर हसायचे.

अमेरिकेत चँडलरला राहायला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. शंतनू चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, आन्या पाच वर्षांची, आणि हिमानी डिपेन्डन्ट व्हिसावर घरी. शिकलेलं जर्मन माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारखं पडून होतं. शेवटी एकदाचं वर्क परमिट आलं आणि पाठोपाठ हे काम. मिसेस कार्लसन नावाच्या एका म्हाताऱ्या जर्मन बाईंकडे त्यांच्या वडिलांच्या आवाजातल्या जुन्या टेप होत्या. बाईंनी त्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. त्या ऐकायच्या, जर्मनमध्ये टाइप करायच्या आणि खाली इंग्रजी भाषांतर लिहायचं. अमेरिकेत आल्यापासून हिमानीचं स्वतःचं म्हणावं असं हे पहिलं काम. त्या दिवशी तिनं मिल्क पावडरचे पेढे केले आणि शेजारच्या घरीही नेऊन दिले.

काम दुपारचं. बाहेर ॲरिझोनाचा उन्हाळा, अंगण तव्यासारखं तापलेलं. आन्याला सुट्टी होती. जेवून ती आपल्या खोलीत पडायची, आणि हिमानी मागच्या खोलीत जाऊन पडदे ओढून घ्यायची. खोलीत भिंतीकडे तोंड करून टेबल आणि पाठीमागे पाहुण्यांसाठी घेतलेला फुटॉन, रात्री पलंग होणारा सोफा. एसीची घरघर चालू असायची. कानावर हेडफोन चढवला की ती घरघरही जायची आणि उरायचा फक्त त्या माणसाचा आवाज.

२

माणसाचं नाव जनरल आल्ब्रेख्त होल्मर. पहिल्या भेटीत मिसेस कार्लसननी त्याची कहाणी थोडक्यात, भाजीचा भाव सांगावा तशी सांगितली होती. कोवळ्या वयात सैनिकी शाळा, पहिल्या महायुद्धात लेफ्टनंट, दुसऱ्यात जनरल. हाताखाली हजारो माणसं. युद्ध हरल्यावर खटला झाला. डोंगरातल्या एका गावाबद्दलचा. वीस वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. चार वर्षांनी तब्येतीच्या कारणावरून सुटका झाली. त्यानंतर म्हातारा तब्येतीनं ठणठणीत राहून खूप वर्षं जगला आणि आपल्या पलंगावर मेला.

पण आवाज मात्र असा, की पहिले काही दिवस हिमानी त्याला मनातल्या मनात ‘आजोबा’च म्हणायची. सावकाश, स्वच्छ, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखा. टेपमध्ये आधी दार लोटल्याचा आवाज, मग खुर्ची करकरायची, मग घसा खाकरणं. आणि मग आठवणी. सैनिकी शाळेतल्या थंडगार फरश्या. पहिला घोडा, जो त्याच्याच चुकीनं लंगडा झाला आणि ज्याच्यासाठी तो लपून रडला. बढती मिळाली त्या संध्याकाळी आईनं स्वतः बूट पुसून दिले ती गोष्ट. ऐकताना हिमानीला गंमत वाटायची, कधी वाईटही वाटायचं. बोटं कीबोर्डवर चालायची, पाय पेडलवर. पेडल दाबलं की टेप चालू, उचललं की बंद. आणि तोंडानं तिच्याही नकळत चालायचं, हं. हं.

एका दुपारी ती चिवडा खात काम करत होती. म्हातारा रशियातल्या चिखलाबद्दल सांगत होता. घोडे पोटापर्यंत रुतले, असं म्हणाला आणि थांबला. हिमानीच्या तोंडात बकाणा होता.

तो थांबलेलाच राहिला.

टेपची बारीक खरखर चालू होती. म्हणजे पेडल दाबलेलं होतं. खुर्ची एकदा करकरली. तिनं घास गिळला, तरी तो गप्पच. मग शांतपणे, कंटाळलेल्या मुलाला समजवावं तसं, त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. घोडे पोटापर्यंत रुतले.

"हं," हिमानी म्हणाली.

आणि तो पुढे बोलू लागला.

३

तिनं ते हसण्यावारी नेलं. म्हातारा माणूस, विसरला असेल काय बोललो ते, म्हणून पुन्हा बोलला. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी टाइप केलेलं तपासताना तिनं तोच तुकडा परत लावला, तर वाक्य एकदाच होतं. मध्ये थांबणंही नव्हतं. चिखल, घोडे, मग लगेच पुढचं गाव.

संध्याकाळी तिनं शंतनूला मागच्या खोलीत बसवलं आणि स्पीकरवर टेप लावली. तो दिवसभर कारखान्यात मशिनचे दोष शोधणारा माणूस. त्यानं स्क्रीनवरची आवाजाची रेघ मोठी करून पाहिली, फाइल पुढे-मागे केली.

"हिमा, रेकॉर्डिंग क्लीन आहे. काही रिपीट होत नाहीये."

"मी ऐकलं ना पण."

"पेडलवरून पाय सरकला असेल. थोडं मागे गेलं आणि परत प्ले झालं. सिंपल." मग तिचं तोंड बघून म्हणाला, "ए, घाबरलीस काय? भित्यापाठी ब्रह्मराक्षस. आणि हा ब्रह्मराक्षस तर जर्मन. त्याला मराठीत घाबरून उपयोग नाही."

ती हसली. कारणही पटलं. पेडल सरकणं अगदीच शक्य होतं. तरी दुसऱ्या दिवशी बसताना तिनं पाण्याची बाटली घेतली, चिवडा नाही घेतला. आणि मुद्दाम, परीक्षा म्हणून, एका वाक्यानंतर ओठ घट्ट मिटून घेतले.

तो थांबला. खरखर. करकर. तिच्या पायाखाली पेडल पूर्ण दाबलेलं होतं. ती खाली वाकून बघत होती, अंगठा पांढरा पडला होता. वाक्य परत आलं. आणि या वेळी तो थोडा जवळ आला होता. आवाज मोठा नव्हता झाला. जवळ आला होता, माइकपाशी सरकून बसावं तसा.

तिच्या तोंडून हं निसटलंच.

४

पहिला भाग पोचवायच्या निमित्तानं ती शेजारच्या मेसा गावी मिसेस कार्लसनकडे गेली. बाईंचं घर नीटनेटकं, थंड, आणि विलक्षण शांत. घड्याळाची टिकटिकसुद्धा नाही. दाराजवळ आपण किल्ल्या ठेवतो तशा एका चिनीमातीच्या वाटीत त्यांची श्रवणयंत्रं पडली होती. हिमानी ओठ हलवताना दिसली तशा बाई म्हणाल्या, "थांबा, कान घालते. घरात एकटी असते तेव्हा मी कान घालत नाही."

कॉफी झाली. हिमानीनं आडवळणानं विचारलं. टेपमध्ये तुमचे वडील फार थांबतात, नाही?

बाईंनी कप खाली ठेवला. "तुम्ही ऐकताना गप्प असता ना?"

"मी? मला एक सवय आहे." हिमानी ओशाळून हसली. "आमच्याकडे ऐकणाऱ्यानं असं म्हणायचं असतं. हं. म्हणजे सांगणाऱ्याला कळतं, की आपण ऐकतोय."

"मोठ्यानं?"

"हो. म्हणजे, तोंडातल्या तोंडात."

बाईंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. बाहेर नुसतं ऊन होतं.

"मला हे माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, काम म्हणून ऐकणारी माणसं गप्प बसत असतील."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. वडील तुरुंगातून आले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. त्यानंतर रोज दुपारी वडील बोलायचे. आपली बढती, आपले घोडे, आपला खटला आणि शेवटी ते गाव. गावातल्या माणसांना त्यांच्या हुकमावरून शाळेत कोंडलं होतं. त्यापुढचं बाई बोलल्या नाहीत. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी वडील थांबायचे आणि समोरच्याकडे बघायचे. आई मान डोलवायची. वर्षानुवर्षं डोलवत राहिली. शेवटच्या दुखण्यात ती शुद्धीवर नव्हती, तरी दुपार झाली की उशीवर तिची मान हलायची.

"ती गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. मी बसले नाही. अमेरिकेत निघून आले. मग त्यांनी टेपरेकॉर्डर आणला."

"तुम्ही कधी ऐकल्या टेप?"

"मला ऐकायला टेप लागत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांचा हात नकळत कानाकडे गेला. "पुढच्या भागाला तोंड मिटून बसा. नाहीतर सोडून द्या हे काम. मी रागावणार नाही."

हिमानीनं तेव्हाच काम सोडायला हवं होतं. पण गाडीत बसल्यावर तिला स्वतःचाच राग आला. इतक्या वर्षांनी मिळालेलं पहिलं काम, आणि ते कशासाठी सोडायचं? एका म्हाताऱ्या बाईच्या भ्रमासाठी? सुशिक्षित माणसाची हीच तर गोची असते. भीती वाटते, पण भीतीला कारण हवं असतं. कारण नसलं की तो भीतीलाच दटावतो.

५

पुढच्या टेपमध्ये गाव आलं.

डोंगरात त्याच्या काही शिपायांना कुणी तरी मारलं होतं. कुणी मारलं ते सापडेना. वरून विचारणा झाली. त्यानं हुकूम दिला. हे सगळं तो घोड्याबद्दल बोलला त्याच आवाजात सांगत होता, ना चढ ना उतार. हिमानीनं एक हात तोंडावर धरला होता आणि एकाच हातानं टाइप करत होती.

"हुकूम बरोबर होता," तो म्हणाला. "माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं."

आणि थांबला.

तिनं दातांनी तळहाताची कड धरली. खरखर. करकर. वाक्य परत आलं. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं. पुन्हा थांबणं, आधीपेक्षा लांब. आता त्याचा श्वास ऐकू येत होता. पुन्हा तेच वाक्य. आर्जव नव्हतं त्यात, चीडही नव्हती. उत्तर आल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसलेल्या माणसाचा आवाज होता तो. तिनं हेडफोन काढून टेबलावर आपटला, पेडलला लाथ मारली आणि स्वयंपाकघरात जाऊन गार पाण्याखाली मनगटं धरली. काम बंद, ती स्वतःशी म्हणाली. आजच फोन करायचा.

नळ बंद केला तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला. बारीक, झोपाळू.

"हं."

ती धावली. आन्या खुर्चीत बसली होती, पाय जमिनीला न टेकणारे, डोक्यापेक्षा मोठा हेडफोन कानांवर दोन्ही हातांनी धरलेला. पेडल भिंतीपाशी उलटं पडलं होतं.

"आन्या!"

"श्श, आई. ही इज टेलिंग मी अ स्टोरी."

"कुठली स्टोरी? तुला काय कळतंय त्यातलं?"

आन्यानं तिच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. जर्मन तिला ओ का ठो येत नव्हतं. "यू सेड, हं नाही म्हटलं तर स्टोरी स्टॉप होते. ही वॉज वेटिंग अँड वेटिंग. सो आय सेड इट."

हिमानीनं तो हेडफोन हिसकावला. तो पोरीच्या केसांत अडकला आणि पोर रडायला लागली. हिमानीही रडली. रोज रात्री आन्याला गोष्ट सांगताना हुंकाराची अट तिनंच तर घातली होती, तिच्या बाबांनी तिला घातली होती तशी.

६

त्याच संध्याकाळी तिनं फाइली पुसून टाकल्या. पेन ड्राइव्ह मेसाला जाऊन मिसेस कार्लसनच्या टपालपेटीत टाकला, दारही वाजवलं नाही. शंतनूनं का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नाही जमत मला ते ऐकायला. माणसं मारल्याचं आहे त्यात." त्यानं तिला जवळ घेतलं आणि उगाच खोदून विचारलं नाही. भला माणूस होता.

काही दिवस बरे गेले. हिमानीनं हुंकार द्यायचं सोडलं. नागपूरहून आईचा फोन यायचा, आई दोन मिनिटं बोलली की थांबायची. "अगं, ऐकतेयस ना? की फोन कट झाला?" हिमानी म्हणायची, "आई, ऐकतेय गं, बोल तू." आन्याला गोष्ट सांगणं बंद केलं, टीव्ही लावून द्यायला लागली.

रविवारी ते तिघं किराणा आणायला निघाले. शंतनू गाडी चालवत होता. जीपीएसवाली बाई म्हणाली, दोन मैलांनंतर उजवीकडे वळा. आणि गाडीत नेहमीची शांतता पसरली, रस्त्याची, टायरांची.

"हं," मागच्या सीटवरून आन्या म्हणाली.

शंतनू खो खो हसला. "घ्या! आईवर गेली कार्टी!"

थोड्या वेळानं जीपीएस काहीच बोलली नव्हती तरी, पुन्हा, "हं."

हिमानी वळून मागे बघायला लागली. आन्या खिडकीबाहेर बघत नव्हती. तिच्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे तोंड करून, मान किंचित वर करून ती ऐकत होती. मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघताना मुलं करतात तेवढी वर. ऐकता ऐकता तिच्या भुवया हलत होत्या.

"आन्या, कोण बोलतंय?" हिमानीनं विचारलं.

"द सेम स्टोरी." आन्या जांभई देत म्हणाली. "इट वॉज सो विंडी दॅट डे, आई. म्हणून दे हॅड टू क्लोज द स्कूल. फ्रॉम आउटसाइड."

शंतनूचं हसू मावळलं. त्यानं आरशातून आधी पोरीकडे आणि मग बायकोकडे पाहिलं. "शाळेत काही शिकवलं का हिला?" शाळा उघडायला अजून अवकाश होता.

घरी आल्यावर हिमानीनं आन्याला शंतनूजवळ बसवलं, मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पडदे तसेच ओढलेले होते. पेडल कपाटात होतं, कॉम्प्युटर बंद होता, हेडफोनची वायर टेबलावरून खाली नुसती लोंबत होती. तिनं तो कानावर चढवला.

दार लोटल्याचा आवाज. करकर. घसा खाकरणं.

समोर बंद स्क्रीन होता, काळा, पाण्यासारखा. त्यात तिचा स्वतःचा चेहरा अंधूक दिसत होता. त्याच्या मागे फुटॉनची कड होती, आणि फुटॉनच्या कडेला दोन गुडघे. शेजारी शेजारी, कडक इस्त्रीच्या पँटमधले, पाहुण्यानं परक्या घरी संकोचानं बसावं तसे. गुडघ्यांवर हात ठेवलेले. त्यावरचं स्क्रीनमध्ये मावत नव्हतं, आणि वळून बघायची तिची छाती झाली नाही.

"माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं."

तिला मान डोलवणारी ती आई आठवली, वाटीतली ती यंत्रं आठवली. हो म्हणणारी होती, पळून जाणारी होती. तिसरं काही त्याच्यासमोर बसून कुणी म्हटलंच नव्हतं.

"नाही," हिमानी म्हणाली.

थांबणं. हात गुडघ्यांवरून हलले नाहीत. मग वाक्य परत आलं. तसंच, त्याच शब्दांत.

"नाही."

परत वाक्य. परत नाही. शंतनूनं दार वाजवलं तेव्हा तिचा घसा बसला होता. दिवाणखान्यात आन्या चित्र रंगवत होती. सगळा वेळ ती एकदाही हं म्हणाली नव्हती, शंतनूनं मुद्दाम लक्ष ठेवलं होतं.

७

मग ते रोजचंच झालं. एखाद्या दुपारी ती बसली नाही, की संध्याकाळपर्यंत घरात कुठून तरी तो बारीक हं ऐकू यायचा. बाथरूममधून. जेवताना, घास तोंडात असताना. बसली की नाही यायचा. हिशेब साधा होता. तो कुणाशी तरी बोलणारच. तिच्याशी बोलत असेतो आन्याशी बोलत नव्हता.

शंतनू तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. तीही मुकाट्यानं गेली, गोळ्या घेतल्या. गोळ्यांनी झोप छान लागायची. दुपारी ती उठून मागच्या खोलीत जायची. खोलीच्या दाराशी शंतनू येईनासा झाला होता.

शाळा सुरू झाल्यावर एकदा मिसेस कार्लसनचा फोन आला. बाईंचा आवाज वेगळाच होता, हलका, तरुण. "मी आज सकाळपासून कान घालून बसलेय," त्या म्हणाल्या. "माझ्या अंगणात कवडे पक्षी येतात, तुम्हाला माहीत आहे? किती बोलतात ते! मला माहीतच नव्हतं." मग त्या रडू लागल्या. हिमानीनं विचारलं, अजून किती दिवस? बाई म्हणाल्या, "वीस वर्षं दिली होती त्यांना. त्यांनी चारच भोगली. मला नेहमी वाटायचं, उरलेली कुणी तरी त्यांच्याबरोबर बसून भोगायला लागणार. मला क्षमा करा." हिमानीनं क्षमा केली नाही. ती फोन ठेवून मागच्या खोलीत गेली, वेळ झाली होती.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तिचा घसा धरला. साधाच सर्दीचा, पण शनिवारी सकाळी उठली तर आवाज पूर्ण गेलेला. शंतनूनं हळद-दूध दिलं आणि तो आकाशकंदील शोधायला दुकानात गेला. आन्या दिवाणखान्यात कार्टून बघत होती. हिमानीनं गुळण्या केल्या, मध चाटला, आणि दुपारी हेडफोन कानावर चढवला.

"माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं."

तिनं तोंड उघडलं. हवा आली नुसती.

तिनं जोरजोरात नकारार्थी मान हलवली. स्क्रीनमधले गुडघे तसेच. तिनं टेबलावर मूठ आपटली, एकदा, दोनदा. त्याला मान नको होती, मूठ नको होती. थांबणं लांबत चाललं. इतकं लांब ते कधीच झालं नव्हतं. मग फुटॉन करकरला आणि गुडघे हलले. दाराच्या दिशेनं वळले.

बाहेर कार्टूनचा आवाज बंद झाला.

छोटी पावलं पॅसेजमधून येताना तिला ऐकू आली, हेडफोनमधूनसुद्धा. ती उठायला गेली, पाय उचलेनात. दार उघडलं. आन्या दारात उभी होती, तोंडाभोवती बिस्किटाचा चुरा. हिमानीनं दोन्ही हात हलवले, जा, जा बाळा, बाहेर जा. घशातून नुसती घरघर निघाली. एकच गोष्ट ती देवाकडे मागत होती, की हिनं हं म्हणू नये.

आन्यानं आईकडे पाहिलंच नाही. ती फुटॉनकडे बघत होती, मान किंचित वर करून.

"नाही," आन्या म्हणाली.

स्वच्छ मराठीत. जी पोर साधं ‘जेवलीस का’ विचारलं तरी अर्ध्या इंग्रजीत उत्तर द्यायची, ती. रोज दुपारी दाराबाहेरून ऐकून ऐकून तिनं तो शब्द, तो स्वरसुद्धा, नेमका उचलला होता.

फुटॉन पुन्हा करकरला, कुणी ऐसपैस टेकून बसावं तसा. हिमानी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून वाट बघत राहिली. वाक्य आलं नाही. खरखर नव्हती, श्वास नव्हता. बाहेर एसी घरघरत होता तेवढाच. तिनं हेडफोन काढला, पुन्हा घातला. तिच्या कानांत आता काहीच नव्हतं.

आन्या आपल्या खोलीतून तिची छोटी प्लास्टिकची खुर्ची ओढत घेऊन आली. फुटॉनसमोर ठेवली आणि तीत बसली.

"यू रेस्ट, आई," ती म्हणाली. "मला माहितीये कधी म्हणायचं ते."

मग ती ऐकू लागली. तिच्या भुवया हलत होत्या. हिमानी तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि पोरीचे ओठ बघत राहिली. बऱ्याच वेळानं आन्यानं जांभई दिली, आणि पुन्हा ‘नाही’ म्हणाली.